भुईआवळी कुठली?

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की आमच्या नवघरात हिरवळीला ऊत येतो. सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीला जिथे जिथे भेग आहे, तिथून काहीतरी डोकं वर काढतं. गटाराच्या काठाला माका, पायरीच्या सांध्यात घोळ, मीटरच्या पेटीखाली एकदांडी, आणि जरा मोकळी माती दिसली की तिथे टाकळा, कुर्डू, केना, आघाडा. महिन्याभराने सफाईवाला खुरपं घेऊन येतो आणि अर्ध्या तासात सगळं साफ. त्याला विचारलं, की बाबा, काय काय काढलंस? तो म्हणतो, "गवत काढलं, साहेब." त्याच्या हिशेबी ते गवत. सोसायटीच्या कागदावर ते 'तण'. आणि माझ्या लेखी? माझ्या लेखी त्यातल्या एका वीतभर झाडाचं मोठं देणं आहे. आज त्या देण्याविषयीच बोलायचं आहे.

मी नवघरला राहायला आलो १९८३ साली. भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेला उतरलं की थोडी दुकानं, थोड्या इमारती, आणि मग भातखाचरं आणि मिठागरं. तेव्हा इथे नगरपरिषदही नव्हती, ती झाली १९८५ साली, आणि महानगरपालिका २००२ साली. बांधावरून चालत घरी यायचं. पावसाळ्यात त्या बांधांवर इतकी बारीकसारीक झाडं असत, की पाय कुठे ठेवावा कळत नसे. मी बँकेतला कारकून. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेत जास्वंदीचं फूल कापण्यापुरता. पण एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला वनौषधींचं एक मराठी पुस्तक मिळालं आणि मला चळ लागला. संध्याकाळी बांधावर जायचं, एक झाड उपटायचं, पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून पाहायचं आणि 'सापडलं' म्हणून टाकायचं.

१९८६ साली माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. डॉक्टरांनी विश्रांती आणि हलका आहार सांगितला. पण आमच्या आईचा भरवसा भुईआवळीवर. ती म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचतोस, तर आण की शोधून." मी बांधावर गेलो. बारीक, चिंचेसारखी पानं, पानांच्या दांडीखाली ओळीने बसलेली मोहरीएवढी फळं. पुस्तकात हेच लिहिलं होतं. मूठभर उपटून आणली. आईने ताकात वाटून सात दिवस दिली. भाऊ बरा झाला.

भाऊ बरा झाला आणि मी चाळीतला अर्धा वैद्य झालो. लोक विचारायला येऊ लागले. त्यात १९८८ साली एक बातमी माझ्या वाचनात आली. मद्रासला डॉक्टर त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूचे वाहक असलेल्या माणसांना भुईआवळीची पूड दिली होती, आणि 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिकात त्याचा अहवाल आला होता. पूड घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली, आणि खोटी पूड घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाच्या. संशोधकांत बारूक ब्लंबर्ग हे नाव होतं, म्हणजे ज्यांनी या विषाणूचा शोध लावून १९७६ चं नोबेल पारितोषिक मिळवलं तेच. आता बोला! आमच्या बांधावरचं झाड थेट नोबेलवाल्यांच्या हातात. मी ते कात्रण पाकिटात घालून हिंडत असे.

त्याच पावसाळ्यात शेजारच्या इमारतीतले एक काका पिवळे पडले. साठीचे गृहस्थ. मी त्यांना कात्रण दाखवलं आणि बांधावरची जुडी नेऊन दिली. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, अंगाला खाज सुटली, पिवळेपणा वाढतच गेला. शेवटी त्यांच्या मुलीने त्यांना रुग्णालयात नेलं. विषाणूची कावीळ नव्हतीच ती. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. मागे सगळं तुंबलं होतं आणि त्यात जंतूंनी शिरकाव केला होता. काका वाचले, पण दीड महिना खाटेवर होते. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांच्या मुलीने एकदाच विचारलं, "दादा, तुम्ही दिलं ते झाड नक्की कुठलं होतं?"

मी म्हटलं, "भुईआवळी."

ती म्हणाली, "नक्की?"

त्या एका शब्दाने माझी झोप उडाली. खरं तर झाड बरोबर असतं तरी खडा हलला नसता. माझी पहिली चूक निदानाची, आणि ती करण्याचा मला अधिकारच नव्हता. पण दुसरी चूक होती की नाही हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं. मी जे दिलं त्याचं नाव मला ठाऊक होतं का? की मी नुसतं एक नाव एका झाडाला चिकटवलं होतं?

आमच्याकडे नवघर गावातल्या एक आगरी मावशी भाजी घेऊन येत. पावसाळ्यात त्यांच्या टोपलीत टाकळा, कुर्डू, घोळ अशा रानभाज्या असत. मी बांधावरची जुडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक काडी उलटी केली, फळाला नख लावलं आणि हसल्या. "ही नाय ती. हिचं फळ बघा, खरखरीत हाय, आणि दांडीला चिकटून बसलंय. भुईआवळीचं फळ गुळगुळीत, देठाला लटकतं." त्या मिठागराच्या वाटेने गेल्या आणि परतताना दुसरी काडी घेऊन आल्या. दोन्ही शेजारी ठेवल्यावर आंधळ्यालाही फरक दिसला असता. मी दोन वर्षं दिसत असलेलं पाहिलं नव्हतं.

म्हणजे भाऊ बरा झाला तो चुकीच्या झाडाने! किंवा खरं सांगायचं तर, झाडाने नाहीच. विषाणूची साधी कावीळ बहुतेक तरुण माणसांची विश्रांतीनेच उतरते. श्रेय मात्र बांधावरच्या जुडीला मिळालं, आणि त्या श्रेयाची किंमत काकांनी मोजली.

तेव्हापासून मी औषध सांगणं बंद केलं आणि नावं शिकायला लागलो.

नाव शिकायचं म्हणजे काय, हे कळायला मला मागे मागे जावं लागलं. आपल्या किनाऱ्यावरच्या झाडांची नावं कागदावर आणणाऱ्यांत पहिलं मोठं नाव गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं. तो १५३४ साली हिंदुस्थानात आला, आणि १५६३ साली त्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. सगळा ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. एक जण प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि उत्तरात त्या त्या वस्तूला इथले लोक काय म्हणतात हेही येतं. गंमत म्हणजे मुंबई बेट काही काळ याच ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होतं.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी कोचीला डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करायला घेतला. 'हॉर्टस मलबारिकस'. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाले. या ग्रंथात आपलाही वाटा आहे आणि तो आपल्याला फारसा माहीत नसतो. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य या कामावर होते. पहिल्या खंडात त्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र छापलेलं आहे, १६७५ सालचं. आणि चित्रांवर लॅटिन, मल्याळी, अरबी अक्षरांबरोबर नागरी अक्षरांतही झाडांची नावं कोरलेली आहेत. युरोपात छापलेल्या पुस्तकात इतक्या लवकर आपली अक्षरं उमटली, ती झाडांच्या नावांसाठी!

पुढे स्वीडनमधल्या कार्ल लिनिअसने १७५३ साली सहा हजारांच्या आसपास वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली. त्याआधी एकेका झाडाचं लॅटिन नाव म्हणजे एक आख्खं वाक्य असे. लिनिअसने सांगितलं, दोनच शब्द पुरेत. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आपल्या आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा, म्हणजे स्वतःच्या नावासारखा. आपल्याकडच्या झाडांसाठी त्याने ऱ्हीडच्या चित्रांचा आधार घेतला. तो स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नव्हता.

इथेच आपल्या भुईआवळीचा घोटाळा सुरू होतो. लिनिअसने एका झाडाला नाव दिलं फायलँथस निरुरी. निरुरी हा शब्द मलबारी बोलीतला. पण त्याने ज्या झाडाला तो लावला, ते झाड अमेरिकेकडचं. नाव आपल्या किनाऱ्याचं, झाड सातासमुद्रापलीकडचं. नंतर इथे आलेल्या इंग्रज अभ्यासकांना बांधावर तसंच दिसणारं झाड सापडलं, त्यांनी पुस्तक उघडलं, वर्णन जुळलं, आणि लिहून टाकलं: निरुरी. मी १९८६ साली जे केलं, अगदी तेच!

या इंग्रज अभ्यासकांची मंडळीही मोठी मजेदार होती. मुंबईच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी १८३९ साली निघाली, ती करणारा जॉन ग्रॅहॅम हा टपाल खात्यातला अधिकारी. यादी छापून पूर्ण होण्याआधीच तो वारला, आणि शेवटची पानं निम्मो नावाच्या त्याच्या मित्राने पुरी केली. १८६१ साली डालझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' आला. गिब्सन पेशाने डॉक्टर, दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख आणि मग जंगल खात्याचा अधिकारी.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो थिओडोर कुक. हा आयर्लंडचा इंजिनिअर. १८६० साली तो मुंबई-बडोदा रेल्वेच्या नोकरीत आला, आणि वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल हे त्याचं काम. म्हणजे आमच्याच दारातलं! भाईंदर सोडून लोकल खाडीवर आली आणि गाडीचा आवाज बदलला, की मला दर वेळी कुक आठवतो. पूल बांधणारा हा माणूस पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य झाला, वनस्पतींच्या नादी लागला, आणि निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये क्यू इथल्या बागेत बसून त्याने 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला. आजही महाराष्ट्रात तण ओळखायला बसलेला माणूस कधी ना कधी कुकपाशी येतोच.

या ग्रंथात चित्रं नाहीत. आहे ती किल्ली. किल्ली म्हणजे प्रश्नांची जोडी. पानं समोरासमोर की एकाआड एक? एकाआड एक असतील तर या ओळीवर जा. फळाला देठ आहे की नाही? नसेल तर त्या ओळीवर. असं दोन-दोन वाटांनी चालत चालत तुम्ही एका नावापाशी पोहोचता. एका वळणावर चुकलात की भलत्याच गावाला. माझं पहिलं वर्ष भलत्याच गावांत गेलं. पण या किल्लीने एक शिकवलं. 'चिंचेसारखी पानं' हे वर्णन नव्हे, ती उपमा झाली. किल्ली उपमा मागत नाही, ती मोजायला लावते.

आणि कुकच्या पानांवर मला आणखी एक गोष्ट दिसली. झाड कुठे मिळालं त्या गावाच्या नावापुढे तो नमुना कोणी गोळा केला त्याचं नाव असतं. त्यात साहेबांची नावं आहेतच, पण मधूनच कानिटकर येतो, गराडे येतो, आणि भिवा येतो. नुसता भिवा. ना आडनाव, ना पदवी. पाठीवर कागदांचा गठ्ठा बांधून हा माणूस कोकणात आणि घाटात हिंडला असणार, चिखलातून झाड उपटलं असणार, मुळाची माती धुऊन कागदात दाबलं असणार. त्याच्या नमुन्याच्या आधारावर साहेबाने क्यूमध्ये बसून ओळ लिहिली. मला भिवात आमच्या मावशी दिसतात.

आपली शिकलेली माणसंही मागे नव्हती. १८८३ साली मुंबईत निसर्ग इतिहास मंडळ, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील. त्यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची यादी केली होती. आमच्या ठाण्यात सर्जन म्हणून काम केलेले कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी मेजर बसूंबरोबर भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ केला. तो १९१८ साली अलाहाबादहून निघाला, पण तो पाहायला कीर्तिकर हयात नव्हते. वामन गणेश देसाई यांचा 'औषधिसंग्रह' १९२७ सालचा, तोही मराठीत. वैद्याला झाड ओळखता आलं पाहिजे आणि वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याचं लोकांतलं नाव कळलं पाहिजे, हा या माणसांचा आग्रह होता.

तो आग्रह का हवा, याची उदाहरणं तुमच्या-आमच्या घरात आहेत. ब्राह्मी म्हणून महाराष्ट्रात बहुधा जी मिळते ती गोल पानांची, कोकणात जिला कारिवणा म्हणतात ती. तिचं शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, म्हणजे ग्रंथांतली मंडूकपर्णी. ग्रंथांतली ब्राह्मी बहुतेक अभ्यासक बाकोपा मोनिएरी हिला मानतात. ती ओलीत सरपटणारी, जाडसर बारीक पानांची, पांढुरक्या-निळसर फुलांची. शंखपुष्पीचं तर विचारूच नका. एका प्रांतात एक झाड, दुसऱ्यात दुसरं, आणि काही ठिकाणी चक्क गोकर्ण. लोकांचं नाव खोटं नसतं. पण ते त्या गावापुरतं खरं असतं.

मग शास्त्रीय नाव तरी कायमचं का नाही, असं मला नेहमी विचारतात. कालपर्यंत टाकळा कॅसिया टोरा होता, आज सेना टोरा. सहदेवी व्हर्नोनिया होती, १९९० पासून सायँथिलियम झाली. शास्त्रज्ञांना दुसरे उद्योग नाहीत का? तर याची दोन कारणं आहेत. एक, ज्येष्ठता. एकाच झाडाला दोघांनी नावं दिली असतील तर आधी छापलेलं नाव टिकतं. माक्याची गोष्ट याहून मजेची. लिनिअसने १७५३ च्या त्याच ग्रंथात, त्याच पानावर, माक्याला दोन वेगळी झाडं समजून दोन नावं दिली, एकात 'आल्बा', दुसऱ्यात 'प्रोस्ट्राटा'. पुढे दोन्ही एकच ठरली. दोन्ही नावांची जन्मतारीख एकच, मग थोरलं कोण? अशा वेळी ज्याने प्रथम दोघांना एकत्र केलं त्याची निवड मानायची, असा नियम आहे. म्हणून आपल्या जुन्या पुस्तकांत माका एक्लिप्टा आल्बा आहे आणि आज एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. दुसरं कारण, नातं. झाडांची नाती नीट कळली की आडनाव बदलतं. भुईआवळी पूर्वी एरंडाच्या कुलात होती, आता ती वेगळ्या कुलात गेली. मोठा आवळा मधल्या काळात एंब्लिका ऑफिसिनॅलिस म्हणवत होता, तो फायलँथस एंब्लिका म्हणून परत आला, म्हणजे भुईआवळीचा भाऊबंद ठरला. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पूर्वजांनी वीतभर झाडाला 'भुईवरचा आवळा' म्हटलं होतं, ते काय उगीच? आता २०२२ साली काही संशोधकांनी हे एकत्र कुटुंब पुन्हा तोडायला काढलं आहे. सगळ्यांनी ते मानलेलं नाही. भाऊबंदकी आहे, चालायचंच.

आता परत भुईआवळीकडे. हूकरने निरुरी म्हटलं, कुकने निरुरी म्हटलं, देशभरच्या औषधाच्या पुस्तकांत निरुरीच आली. १९५५ साली ग्रेडी वेब्स्टर या अमेरिकन अभ्यासकाने दाखवलं, की पश्चिम भारतातल्या झाडांत एक वेगळीच जात आहे. तिला त्याने फायलँथस फ्रॅटर्नस नाव दिलं. मग आपल्या वनस्पती सर्वेक्षणाच्या मित्रा आणि जैन यांनी भारतातल्या 'निरुरी'ची फेरतपासणी केली. १९८५ च्या अंकातला त्यांचा लेख सांगतो, की आपण ज्याला निरुरी म्हणत आलो ते एक झाडच नाही, त्यात तीन जाती मिसळल्या आहेत. अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस. अमारसच्या फुलाला पाच पाकळ्या, फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा. पाकळ्या म्हणजे खरं तर पाकळीसारखी दलं, आणि फूल मोहरीच्या दाण्याएवढं. भिंग लागतं. मी बांधावरून आणली होती ती तर या तिघींतलीही नव्हे. ती चौथी, फायलँथस युरिनारिया, खरखरीत फळाची.

आणि ते नोबेलवाल्यांचं कात्रण? ब्लंबर्ग यांच्या गटाचा १९८७ चा प्रयोगशाळेतला निबंध 'निरुरी' या नावाने छापला होता, आणि १९८८ चा मद्रासचा अहवाल 'अमारस' या नावाने. झाड एकच, नाव मधल्या काळात दुरुस्त झालेलं. पुढे १९९० साली थायलंडमध्ये अमारस देऊन पाहिलं, तर विषाणू हटला नाही. त्यानंतर जागोजागी वेगवेगळे निकाल आले. झाडाची जात वेगळी होती का, माती वेगळी होती का, कोणत्या महिन्यात तोडलं, असे वाद झाले. २०११ साली सगळे प्रयोग एकत्र तपासून पाहिले, तेव्हा या झाडांचा उपयोग होतो असं खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. ज्या कात्रणावर मी शेजाऱ्याला भरीला घातलं, त्याचा पुढचा भाग हा असा आहे. तो मी पाकिटात ठेवलेला नाही, डोक्यात ठेवला आहे.

आपण कुठल्या झाडाबद्दल बोलतोय हे भांडण मिटवायचा एकच मार्ग असतो. दाबून वाळवलेला नमुना. मुळासकट झाड, फुलाफळासकट, वर्तमानपत्रात दाबायचं, रोज कागद बदलायचा, वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं आणि कोपऱ्यात लिहायचं: कुठे, कधी, कोणी. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ सालापासून असा संग्रह आहे. स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर ब्लॅटर यांनी तो उभारला, आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्यानंतर स्पॅनिश फादर सांतापाव यांनी तो वाढवला, आणि खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. असा कागद म्हणजे साक्षीदार. शंभर वर्षांनी कुणी म्हणालं, की ब्लॅटरने नाव चुकवलं, तर झाड कपाटातून काढून पुन्हा तपासता येतं. माझ्या १९८६ च्या जुडीचा असा कागद नव्हता. आईने वाटून टाकली होती. 'नक्की?' या प्रश्नाला म्हणून माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वेळेवर नाव कळणं किती मोलाचं असतं, हे गाजर गवताने शिकवलं आहे. पुण्यातल्या उकिरड्यांवर एक नवखं झाड दिसू लागलं, आणि १९५६ साली शेषगिरी राव यांनी निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात त्याची नोंद केली. पार्थेनियम हिस्टेरोफोरस. नियतकालिकातल्या दोन-तीन पानांच्या त्या टिपणाकडे कोणाचं लक्ष जाणार? आज त्याने देशभर रानं आणि पडीक जमिनी व्यापल्या आहेत, लोकांना त्वचेचे आणि श्वासाचे विकार दिले आहेत. आमच्या नवघरच्या मोकळ्या भूखंडांवरही त्याचंच राज्य आहे.

मिठागरांच्या वाटेवरचा तो बांध आता नाही. तिथे इमारती आहेत आणि त्यांच्याखाली गाड्यांचा तळ. मावशीही गेल्या. त्या गेल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांच्याकडून मी फार तर तीस-पस्तीस झाडं लिहून घेतली. त्यांच्या डोक्यात किती होती? विचारायचं राहून गेलं. तण परत उगवतं, भिंतीच्या भेगेतही उगवतं. नाव तसं उगवत नाही. ते एका माणसाने दुसऱ्याला सांगावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात काकांची मुलगी, आता तिचेच केस पांढरे झाले आहेत, नातवाला घेऊन आमच्या कंपाउंडमध्ये उभी होती. पोराने भिंतीलगतची एक काडी उपटली आणि विचारलं, "आजोबा, हे काय?" मी भिंग आणलं. त्याला म्हटलं, आधी काडी उलटी कर. फळाला देठ आहे का बघ. आहे? आता फूल बघ, आणि मोज. त्याने एक डोळा मिटून मोजलं. पाच. पुन्हा मोज, म्हटलं. पाचच.

"मग ही भुईआवळी," मी म्हणालो, "फायलँथस अमारस."

त्याच्या आजीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की?"

मी घरात जाऊन वर्तमानपत्र आणलं. काडी त्यात दाबली आणि कडेला लिहिलं: नवघर, भाईंदर पूर्व, कुंपणाची भिंत. तारीख घातली, आणि गोळा करणाऱ्याच्या जागी त्या पोराचं नाव.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)